रेघ कुठे पडते ते आधी बघ

चिपळूण, रविवार

चि. मनू यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला गाडीच्या वायपरचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. बाबांनी एकदाच बघितला, "नवे वायपर घे म्हणावं" असा निकाल दिला आणि ते पेपरात शिरले. तूही तेच ठरवलेलं दिसतंय. घे हवं तर, पण त्या काचेवर मला दोन निरनिराळे आजार दिसतात आणि नव्या वायपरने त्यातला एकच बरा होईल.

पहिला म्हणजे स्टिअरिंगच्या जरा वर कमानीसारखी उठणारी ती बारीक रेघ. प्रत्येक फेरीला तिथल्या तिथे. जागा न सोडणारी रेघ असली की दोष रबराच्या धारेत आणि तोही त्याच एका ठिकाणी असतो. तिथे वाळूचा कण किंवा झाडाचा चीक चिकटलेला असेल, नाहीतर धार फाटलेली असेल. दुसरा आजार जास्त वाईट, कारण दिवसा तो तुला दिसत नाही. समोरून दिवे आले की वायपर गेल्यामागून काचेवर दुधट पडदा येतो आणि क्षणभराने विरतो. त्यात रबराचा दोष नाही. काच तेलकट आहे.

तू म्हणशील, सोसायटीतला माणूस रोज गाडी पुसतो की! त्याला मी बोल लावत नाही, पहाटे उठून रांगेने गाड्या पुसणाऱ्याने काय काय बघावं? पण बादली एक, फडकं एक. तेच बॉनेटवरून, तेच दारांवरून, तेच काचेवर. वॉशिंग सेंटरवाले शॅम्पूबरोबर वॅक्स मारतात, त्यातलं थोडं काचेवर येतंच. डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे बहुतेक सिलिकॉनचा, तो हाताला लागतो आणि हात काचेला. शिवाय पुढच्या ट्रकचा धूर आणि ओल्या रस्त्यावरून उडणारं काळं पाणी आहेच. पाण्याने यातलं काही निघत नाही, नुसतं पसरतं.

माझी सगळी नोकरी कॉलेजच्या लॅबमध्ये काचसामान धुण्यात गेली असं तू चिडवायचास, तर आता त्यातलंच एक सांगते. ब्युरेट, म्हणजे खुणा असलेली लांब काचेची नळी, धुतली की पाणी भरून सोडायचं आणि बघत राहायचं. पाणी सलग खाली उतरलं तर काच स्वच्छ. आतल्या बाजूला थेंब चिकटून राहिले की स्निग्ध काहीतरी उरलंय, पुन्हा धुवा. स्वच्छ काचेवर पाणी पसरतं, तेलाच्या थरावर ते गोळा होऊन बसतं. आता हे वायपरला लाव. वायपर कितीही चांगला असला तरी काच कोरडी करत नाही, मागे पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा ठेवूनच जातो. स्वच्छ काचेवर तो पापुद्रा सपाट राहतो, त्यातून आरपार दिसतं आणि लगेच तो वाळून जातो. तेलकट काचेवर तोच फुटतो आणि त्याचे असंख्य बारीक थेंब होतात. प्रत्येक थेंब समोरच्या दिव्याचा उजेड भलतीकडे फेकतो. तो तुझा दुधट पडदा.

वायपर बंद पडला की ट्रकवाले काचेवर तंबाखू चोळतात, कोणी बटाटा कापून फिरवतात, ते तू ऐकलं असशील. लोक हसतात. पण थेंब न होता पाणी पसरावं हाच त्यामागचा हिशेब आहे, आणि तो चुकीचा नाही. तू मात्र पार्किंगमध्ये बटाटा घेऊन उभा राहू नकोस, तुझ्याकडे भांडी घासायचं लिक्विड आहे.

गाडी सावलीत घे. आधी भरपूर पाणी ओत, म्हणजे धूळ आणि वाळू वाहून जाईल. ती काचेवर असताना घासलंस तर ओरखडे पडतील आणि ते आपल्या हाताने जात नाहीत. मग अर्ध्या बादलीत लिक्विडचे थोडे थेंब आणि मऊ स्पंज. स्पंजची हिरवी खरखरीत बाजू अजिबात नको. वायपर उचलून त्यांच्या खालची जागाही घास, सगळ्यात जास्त मळ तिथेच बसलेला असतो. धुऊन झालं की वरून तांब्याने पाणी सोड आणि ब्युरेटसारखं बघ. सलग उतरलं तर झालं. तुटक तुटक थेंब राहिले तर पुन्हा. वॅक्स असेल तर एका धुण्यात जाणार नाही, कंटाळू नकोस.

तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे, त्याचे पांढरे ठिपके लिक्विडने निघायचे नाहीत. ते क्षार असतात. त्यांना पांढरं व्हिनेगर लाव, थोडा वेळ थांब आणि भरपूर पाण्याने धुऊन टाक. काचेवर पाणी उडवणाऱ्या वॉशरच्या टाकीतही बोअरचं पाणी घालू नकोस. पाण्याच्या फिल्टरमधून जे पाणी बाहेर टाकलं जातं तेही नको, त्यात क्षार आणखी जास्त. प्यायचं घाल. टाकीत साबण ओतायची फार हौस असते लोकांना. जास्त साबणाने नोझल बुजतं आणि काचेवर नवा थर येतो.

आता रबर. मुंबईला जुन्या रिक्षांना हाताने फिरवायचा वायपर असायचा, आठवतो? एका हाताने हँडल सांभाळत रिक्षावाला दुसऱ्या हाताने तो आतून हलवायचा. १९०३ साली अमेरिकेत मेरी अँडरसन नावाच्या बाईंनी वायपरचं पेटंट घेतलं तेही असंच होतं, आतून दांडा हलवला की बाहेर रबर फिरायचं. पुढे मोटर आली, वेग कमीजास्त करायची सोय आली, पाऊस ओळखणारे सेन्सर आले. काम अजून रबराच्या त्या धारेवरच चालतं, आणि ती इतकी बारीक असते की कोणी नीट बघत नाही.

तू बघ. वायपर उचल, ओलं स्वच्छ फडकं दोन बोटांत धरून धारेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. काळं येईल. त्यात मळ असतो, तसा कधी कधी रबर सहज घसरावं म्हणून लावलेल्या ग्रॅफाइटचा थरही असतो. त्यामुळे दोनतीनदा पुसून थांब, फडकं पांढरं राहीपर्यंत खरवडत बसू नकोस. चीक असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरव, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असतं ते. करोनातल्या सॅनिटायझरच्या बाटल्या अजून घरात असतील, त्या वापरू नकोस. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यांत बहुधा ग्लिसरीन घातलेलं असतं, म्हणजे पुन्हा नवा थर. पेट्रोल, रॉकेल तर नकोच, रबर फुगतं. आणि आपल्याकडे कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूला खोबरेल तेल लावायची पद्धत आहे, ती इथे चालवू नकोस. रबरही बिघडेल आणि काचही.

पुसल्यावर रेघ गेली तर बाबांचा निकाल रद्द. नाही गेली तर रेघ पडते त्या जागी धार बोटाने वाकवून बघ. चीर किंवा खाच दिसली तर रबर संपलं. ती धार पॉलिश पेपरने घासून सरळ करायचा सल्ला कोणीतरी देईलच. चार दिवस बरं वाटतं, मग पहिल्यापेक्षा वाईट.

धार काचेवर सरळ उभी राहत नाही. जाते त्याच्या उलट दिशेला मान टाकून घासत जाते आणि फेरीच्या टोकाला पोचली की मान दुसरीकडे टाकते. एप्रिल-मेच्या उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने रबर कडक झालं की मान एकाच बाजूला आखडते. मग वर जाताना काच स्वच्छ आणि खाली येताना थडथड, असा प्रकार होतो. रबर मऊ असूनही तसं होत असेल तर वायपरचा दांडा पिळला गेलेला असतो. आणि रेघ नसून मधला रुंद पट्टाच्या पट्टा ओला राहत असेल तर रबर तिथे टेकतच नाही, म्हणजे रबर धरणारी ब्लेडची चौकट आखडलेली किंवा दांड्याची स्प्रिंग ढिली. अशा वेळी ब्लेडवर ब्लेड बदललीस तरी पैसेच जातील. व्हिडिओत मला असं काही दिसलं नाही, पण उजेडात एकदा बघून घे.

बदलायचंच ठरलं तर लांबी गाडीच्या पुस्तकात बघ. बहुतेक गाड्यांना ड्रायव्हरकडची ब्लेड मोठी असते. 'एक इंच जास्त घ्या, जास्त पुसेल' असं दुकानदार म्हणाला तरी घेऊ नकोस, टोकं काचेच्या कडेला आपटतात किंवा एकमेकांत अडकतात. चौकट धड असेल तर नुसतं रबरही मिळतं, ते स्वस्त पडतं, पण आतल्या पोलादी पट्ट्यांचा बाक काचेच्या बाकाशी जुळायला हवा. उलटा बसला तर रबर नीट टेकणार नाही.

आणि हे नीट ऐक. ब्लेड काढण्याआधी काचेवर जाड टॉवेल घडी करून ठेव. ब्लेड काढल्यावर नुसता लोखंडी दांडा हातातून निसटला तर स्प्रिंगच्या जोराने काचेवर आपटतो. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये प्लास्टिकचा थर, त्यामुळे ती फुटून अंगावर येत नाही, पण तडा जातो. काहीशे रुपयांच्या ब्लेडपायी काही हजारांची काच. नवी ब्लेड बसवताना 'खट्' असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर पुन्हा काढ, चालत्या गाडीवरून ती उडून जाऊ शकते.

पाणी टिकू न देणारं ते लिक्विड तुझ्या मित्राने लावलंय म्हणालास. हायवेला छान असेल, वेगात वाऱ्याने थेंब वर पळतात. इकडे येताना कुंभार्ली घाटात तू दुसऱ्या गिअरवर असशील, तिथे कसला वारा? थेंब काचेवर बसून राहतील, त्यात समोरच्या ट्रकचे दिवे आणि वर धुकं. माझं मत विचारशील तर आपल्या वाटेला नुसती स्वच्छ काच बरी.

काच आतूनही पूस. उन्हात डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून वाफ सुटते आणि तिचा पातळ थर आतल्या बाजूला बसतो. रात्री तोही चकाकतो, आणि आपण बाहेर वायपर फिरवत राहतो. आतून वाफ धरली तर हाताने पुसायचं नाही. एसी चालू, वारा काचेवर, आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद.

गणपतीला येताना रात्रीचा घाट नको, वायपर कितीही छान झाले तरी. पहाटे निघालास तर दहा-अकरापर्यंत उंब्रजला वळशील आणि पाटण, कोयनानगर करत उजेडी पोफळीला उतरशील. साताऱ्याच्या पुढे जेवणात वेळ घालवू नकोस, जेवण इथे आहे. मागच्या काचेच्या वायपरकडेही एकदा बघ, त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

आणि बदललेस तर जुने वायपर टाकू नकोस, घेऊन ये. त्यातल्या पोलादी पट्ट्या बाबांना हव्या आहेत. कशाला ते मी विचारलेलं नाही.

तुझी,
आई