शुद्ध गणिताची व्याख्याने सोलापुरातही व्हावीत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अल्जेब्राइक टोपॉलॉजीचा, म्हणजे आकार चेपले-ताणले तरी न बदलणारे त्यांचे गुणधर्म बीजगणिताने अभ्यासणाऱ्या गणितशाखेचा, व्यवहारात उपयोग काय, असे आमच्या सोलापुरात बी. एस्सी.चे विद्यार्थीही विचारतात, म्हणून हा पत्रप्रपंच. घनाचे 8 कोपरे, 12 कडा आणि 6 पृष्ठे घेतल्यास 8 − 12 + 6 = 2 येते; घन कितीही चेपला वा ताणला तरी हे उत्तर बदलत नाही. अशाच अविचल संख्यांचा शोध ही या शाखेची, माझ्या मते, सर्वांत देखणी बाजू आहे. अशा संख्या भौतिकशास्त्रातही भेटतात: अतिशीत तापमानात, प्रखर चुंबकीय क्षेत्रात अर्धवाहकाच्या पातळ थरातील हॉल वाहकता (प्रवाहाच्या आडव्या दिशेने मोजलेली विद्युतवाहकता) पूर्णांकांच्या पायऱ्यांनी बदलते, हे 1980 साली क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना आढळले. नमुन्यात अशुद्धी असूनही त्या पायऱ्या ढळत नाहीत, कारण ते पूर्णांक टोपॉलॉजीतून येतात, हे डेव्हिड थाउलेस आणि सहकाऱ्यांच्या 1982 च्या संशोधनातून उलगडत गेले. थाउलेस यांना 2016 चे नोबेल मिळाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गणितज्ञ नरसिंहन आणि शेषाद्री यांचा भूमितीतील 1965 चा सिद्धान्तही पुढे अतिया आणि बॉट या गणितज्ञांनी भौतिकशास्त्रातील यांग–मिल्स समीकरणांशी (मूलकणांमधील बलांचे वर्णन करणाऱ्या समीकरणांशी) जोडला, याचा अभिमान वाटतो. आपल्या विद्यापीठाने या विषयावर मराठीतून व्याख्यानमाला सुरू करावी आणि ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विनाशुल्क खुली ठेवावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सोलापूर