तीळ, हेर आणि बंदराचा बांध

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचून मी एकटीच हसत बसले. तू वाचतेस त्या इंग्रजी कादंबरीतल्या वाक्याचं 'वादळ आलं म्हणून जहाज तिळाला बांधून ठेवलं' असं भाषांतर त्या अ‍ॅपनं करून दिलं आणि वर तू मला विचारतेस, तिळाला जहाज बांधतात कसं! उत्तर फोनवर एका वाक्यात देता आलं असतं. पण त्या वाक्यातला 'मोल' (mole) हा इंग्रजी शब्द माझा जुना लाडका, त्यामुळे पत्रच लिहायला घेतलं.

मुळात मोल हा पुष्कळ अर्थांचा एक शब्द नाहीच. ते चार-पाच निरनिराळे शब्द आहेत, फक्त स्पेलिंग सारखं. लग्नातला 'वर' आणि माळ्यावरचा 'वर' यांचं एकमेकांशी काही नातं नाही, तसंच हे. जाड इंग्रजी डिक्शनरी उघडलीस तर अशा शब्दांच्या डोक्यावर बारीक १, २, ३ असे आकडे दिसतील. त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. आकडा बदलला की घराणंच बदललं, असं समजायचं. तुझ्या अ‍ॅपनं पहिलं घर गाठलं आणि तिथेच मुक्काम ठोकला.

ते पहिलं घर अंगावरच्या तिळाचं. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ नुसता 'डाग'. त्याच्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

दुसरा मोल मात्र भारी आहे. जमिनीखाली बोगदे खणणारा हा लहानसा प्राणी. आपल्या कोशांत त्याला बिनदिक्कत चिचुंद्री म्हणून टाकतात, पण चिचुंद्री वेगळी. मोलचे पुढचे पंजे फावड्यासारखे रुंद आणि बाहेर वळलेले असतात, डोळे असून नसल्यासारखे. त्याची लव कुठल्याही एका दिशेला झुकलेली नसते, त्यामुळे अरुंद बोगद्यात तो पुढे जातो तितक्याच सहज मागे सरकतो. वर उकरून टाकलेल्या मातीचा ढीग म्हणजे मोलहिल. आपण राईचा पर्वत करतो, इंग्रज या ढिगाचा करतात. असल्याच एका ढिगाला अडखळून इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याचा घोडा पडला म्हणतात. राजाचं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि १७०२च्या मार्चमध्ये तो वारला. त्यानं गादीवरून हटवलेल्या राजाचे पाठीराखे मग 'काळ्या मखमलीतल्या छोट्या साहेबां'च्या नावानं पेले उंचावू लागले. दुष्टपणाच तो, पण काय नजाकतीचा!

हेर म्हणून वाचतेस तो मोलही याच घराण्यातला. फ्रान्सिस बेकन या इंग्रज लेखकानं १६२२ साली सातव्या हेन्रीच्या चरित्रात राजाच्या मुळाशी सुरुंग लावणाऱ्यांना मोल म्हटलं होतं. पण शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला तो १९७४ नंतर, जॉन ल कारे या हेरकथा लिहिणाऱ्या इंग्रज लेखकाच्या कादंबरीमुळे. आपली वर्तमानपत्रं त्याला सर्रास 'घरभेदी' म्हणतात, ते मला पटत नाही. घरभेदी आपल्याच घरातला, पुढे फिरलेला. मोल आधी शत्रूचा होतो आणि मग घरात शिरतो. किम फिल्बी या इंग्रजाला सोव्हिएत हेरखात्यानं १९३४ साली गळाला लावलं, तो ब्रिटिश गुप्तहेर खात्यात शिरला १९४० साली, आणि मॉस्कोला पळाला १९६३ साली. एवढी वर्षं जमिनीखाली काढायची म्हणजे प्राण्याचं नाव अगदी चपखल.

आता तुझं जहाज. हा तिसरा मोल लॅटिनमधल्या 'मोलेस'वरून आला. मोलेस म्हणजे प्रचंड वस्तुमान, अवाढव्य ढीग. समुद्रात दगड टाकून उभारलेला, लाटा अडवणारा बांध म्हणजे मोल. जहाज तिथे बांधलं होतं, एवढंच. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली फ्रान्समधल्या डंकर्कमधून ३ लाख ३८ हजार सैनिकांची सुटका झाली, त्यातले २ लाखांहून जास्त बंदरातून निघाले, बहुतेक पूर्वेकडच्या मोलवरूनच. वास्तविक तो लाटा थोपवायला बांधलेला. त्यावर लाकडी फळ्यांची वाट, तीही जेमतेम तीन-चार माणसं शेजारी शेजारी चालू शकतील एवढीच. जहाजं लावायची ती जागाच नव्हती. फोटोंमध्ये पुस्तकातल्यासारखी ऐसपैस गोदी शोधशील तर सापडणार नाही.

याच मोलेसला 'छोटं' असा प्रत्यय लागून मॉलिक्यूल झाला, म्हणजे आपला रेणू. त्यावरून १८९०च्या दशकात विल्हेल्म ओस्टवाल्ड या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं 'मोल' हे एकक काढलं. म्हणजे तुझ्या कादंबरीतला दगडी बांध आणि केमिस्ट्रीच्या वहीतला मोल हे चुलत भाऊ. मला या सगळ्यात सर्वांत आवडतं ते हेच. चमच्यानं मोजून बघ. १८ ग्रॅम पाणी म्हणजे पाच मिलिलिटरचे साडेतीन चमचे आणि थोडंसं वर, तेवढं झालं एक मोल. त्यात रेणू किती, तर ६०२२ लिहून पुढे वीस शून्यं. पूर्वी ही व्याख्या १२ ग्रॅम कार्बनवर टेकलेली होती, २०१९पासून थेट आकडाच ठरवून टाकलाय. अमेरिकेत केमिस्ट्रीचे शिक्षक या आकड्याच्या नावानं २३ ऑक्टोबरला 'मोल डे' करतात आणि पोस्टरवर हटकून तो खणणारा प्राणी काढतात. त्यांना दोन्ही घराणी ठाऊक असतात, मुद्दाम करतात.

तेवढ्यावर संपत नाही. डॉक्टरांचा एक मोल आहे, गर्भाशयातली बिघडलेली वाढ. तो लॅटिनमधल्या जात्याच्या दगडावरून आला. नासाच्या इनसाइट यानासोबत मंगळावर एक मोल गेला होता, खिळ्यासारखा स्वतःला ठोकत जमिनीत शिरणारा. पाच मीटर खोल जायचं होतं, पण मातीत पकडच मिळेना. जानेवारी २०२१ मध्ये नाद सोडून दिला.

आणि पुढे कुठे कोणी मोल 'खाताना' दिसलं तर घाबरू नकोस. तो मेक्सिकोतला दाट रस्सा, उच्चार 'मोले'. नाहुआत्ल भाषेत 'मोल्ली' म्हणजे रस्सा, ग्वाकामोले या अ‍ॅव्होकाडोच्या चटणीच्या नावाच्या शेपटीला आहे तोच. मोलस्किनची पँट म्हणजेही कातडं नाही, मऊ लव काढलेलं जाड सुती कापड.

पुढचं प्रकरण वाचलंस की कळव. त्या कॅप्टनवर माझा पहिल्यापासून संशय आहे.

तुझी,
आई