रंगाच्या आधी वायरिंग

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

फ्लॅटचे फोटो पाहिले. हॉल ऐसपैस आहे, उजेड भरपूर आहे. छकुलीची खेळणी कुठे मांडायची हेसुद्धा आईने ठरवून टाकलं. माझी नजर मात्र दारावरच्या लाकडी बोर्डावरच अडकली. लोखंडी मेन स्विच, शेजारी चिनी मातीचे किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार बसवायचे जुने खाचे, आणि त्यातल्या एकात फ्यूजच्या तारेऐवजी तांब्याचा जाड पीळ भरलेला. दुसऱ्या फोटोत गिझरची वायर दिव्याच्या बोर्डातून ओढलेली दिसते. फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. जावईबुवांनाही वाचायला दे.

आधी मुद्द्याचं सांगतो. फर्निचर आणि फॉल्स सीलिंगसाठी जे पैसे बाजूला काढलेत, त्यातून पहिल्यांदा घराचं वायरिंग पूर्ण बदलून घ्या. उरेल त्यात बाकीचं करा. एकदा भिंतींना रंग लागला की त्यांना झिरी मारायला कुणाचं मन होत नाही, आणि मग जुनी तार आणखी वीस वर्षं तिथेच राहते. मी अशी किती घरं पाहिली आहेत! लाखाचं सीलिंग, आणि त्याच्यावर पीळ मारून टेप गुंडाळलेले जॉइंट.

इमारत १९८५ च्या आसपासची आहे म्हणतेस. त्या काळी बऱ्याच ठिकाणी ॲल्युमिनियमची तार वापरत. ॲल्युमिनियम नरम असतं. स्क्रूखाली दाबलं की हळूहळू दबतं, पकड सैल होते, वर ऑक्साइडचा थर चढतो आणि तो जोड तापायला लागतो. नंतर कुणीतरी तांब्याची नवी तार आणून तिला नुसता पीळ देऊन जोडलेली असते, तो जोड त्याहून लवकर खराब होतो. सैल जोडाची वाईट गोष्ट अशी की त्यातून करंट काही जास्त वाहत नाही, त्यामुळे फ्यूज उडत नाही आणि एमसीबीही (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडत नाही. जोड आतल्या आत जळत राहतो. बटणाजवळ प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलं, बोर्ड हाताला कोमट लागला, जळकट किंवा खराब माशासारखा वास आला, दिवा मधूनच लुकलुकला, तर मेन बंद करून माणूस बोलावायचा. नंतर बघू म्हणायचं नाही.

शिवाय तेव्हाचं घर म्हणजे चार ट्यूबलाइट, तीन पंखे, एक फ्रिज आणि एखादी इस्त्री. तुमचं तसं नाही. तूच हिशेब कर. वॉटला २३० ने भागलं की ॲम्पिअर येतात. २००० वॉटचा गिझर साडेआठ-पावणेनऊ ॲम्पिअर घेतो. इंडक्शन शेगडी जवळपास तेवढेच. दीड टनाचा एसी सात-आठ. कपडे धुण्याच्या मशिनमध्ये पाणी तापवायची सोय असेल तर तिचेही आठ-नऊ. सकाळी आठ वाजता यातली तीन यंत्रं एकदम चालली की पंचवीस ॲम्पिअरच्या वर जातं, आणि ते सगळं त्या एका जुन्या तारेतून. लाइट बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, तो बघून मला कळव. कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्यायचा. त्यासाठी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, म्हणजे काम कागदावरही नीट होतं.

जावईबुवा परवा म्हणाले की किटकॅट काढून एमसीबी बसवले की झालं. त्यांचं अर्धं बरोबर आहे. एमसीबी बसवायचेच, पण एमसीबी तारेला वाचवतो. तारेच्या ताकदीपेक्षा जास्त करंट गेला तर तो पडतो, म्हणून तार बघून एमसीबी निवडायचा. दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची तार आणि ६ किंवा १० ॲम्पिअरचा एमसीबी. स्वयंपाकघरातल्या १६ ॲम्पिअरच्या सॉकेटला अडीचची तार, १६ चा एमसीबी. गिझर आणि एसी प्रत्येकी वेगळ्या सर्किटवर, चारची तार आणि २० चा. हे उलटं कधी करायचं नाही. इथल्या एका घरी एमसीबी सारखा पडतो म्हणून कुणीतरी १६ काढून ३२ चा बसवून दिला. एमसीबी पडायचा थांबला, घरचे खूश. सहा-सात महिन्यांनी मला बोलावलं तेव्हा पाइपातल्या सगळ्या तारा एकमेकींना चिकटून एक लगदा झाला होता, आणि ती भिंत मुलांच्या पलंगामागची होती. एमसीबी पडतोय म्हणजे तो काहीतरी सांगतोय, त्याचं तोंड दाबू नये.

आता माणसाचं. साठ वॉटचा साधा बल्ब साधारण २६० मिलिॲम्पिअर करंट घेतो. माणसाच्या छातीतून ३० मिलिॲम्पिअरच्या वर करंट काही क्षण जरी राहिला तरी हृदयाचा ठोका बिघडू शकतो. म्हणजे बल्ब ज्यावर लागतो त्याच्या आठव्या-नवव्या भागात माणूस दगावू शकतो. एमसीबी मात्र सोळा ॲम्पिअरची, म्हणजे सोळा हजार मिलिॲम्पिअरची वाट बघत बसलेला असतो. माणूस चिकटलाय हे त्याला कळतच नाही. ते कळतं आरसीसीबीला. फेजमधून, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेतून, जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, परत आला की नाही, एवढंच तो सतत मोजतो. वाटेत थोडा कुठे गळला, कुणाच्या अंगातून जमिनीत गेला, की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतो. तुमच्याकडे ३० मिलिॲम्पिअरचाच हवा. १०० आणि ३०० चेही मिळतात, पण ते आगीपासून बचावासाठी, माणसासाठी नाहीत. दोन बसवा, एक बाथरूम आणि स्वयंपाकघराला, दुसरा बाकी घराला, म्हणजे एक पडला तरी सगळं घर अंधारात जाणार नाही. त्यावर 'टी' लिहिलेलं एक बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. दाबल्यावर पडला नाही तर बदलायचा.

त्याचीही मर्यादा माहीत असू दे. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर गेलेला करंट परत येतोच, त्यामुळे आरसीसीबी गप्प राहतो. तो आहे म्हणून उघड्या तारेला हात लावायची मुभा मिळत नाही.

एक गोष्ट तुमच्या बाबतीत नक्की घडणार, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. जुन्या घरात दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असतात, किंवा कुणी न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी जोडून ठेवलेला असतो. तिथे आरसीसीबी लावला की तो लगेच पडतो. मग काम करणारा म्हणेल, "मॅडम, याचा काही उपयोग नाही, डायरेक्ट करून देतो." करू द्यायचं नाही. न्यूट्रल वेगळे करायला त्याला एक दिवस जास्त लागेल, त्या दिवसाचे पैसे द्या.

अर्थिंगबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण लोक याला तिसरी फालतू तार समजतात. गिझरची कॉइल फुटली की फेज त्याच्या लोखंडी अंगावर येतो, पाण्यात येतो. अर्थिंग चांगलं असेल तर करंट माणसाची वाट न बघता त्या हिरव्या तारेने जमिनीत जातो, आणि मोठा असल्यामुळे एमसीबीही पाडतो. पण सोसायटीची अर्थिंगची पट्टी गंजलेली असली, खड्डा कोरडा पडला असला आणि त्याचा रोध समज २० ओहम झाला, तर २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा ॲम्पिअरच वाहतील. १६ चा एमसीबी पडणार नाही, आणि गिझर तसाच जिवंत राहील. म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही हवेत, एक आहे म्हणून दुसरं टाळता येत नाही. पूर्वी लोक नळाच्या लोखंडी पाइपाला अर्थ बांधत. आता मधेच प्लास्टिकचे पाइप आले, त्यामुळे तो अर्थ कुठेच जात नाही. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला लूप मारून देतात. हे सगळ्यांत वाईट. मागे न्यूट्रल तुटला की फ्रिजचं, मशिनचं सगळं अंग फेजवर येतं. तुझ्याकडे प्रत्येक सॉकेट उघडून बघायला लावणार आहे मी.

आपल्याकडे अकोल्यात मे महिना आला की माझ्या पोटात गोळा येतो. पत्र्याचा कूलर, आत पंप, खाली पाण्याचा टब, बाहेर पंचेचाळीस अंश, आणि बाई नाहीतर पोर अनवाणी, ओल्या फरशीवर उभं राहून चालू कूलरमध्ये पाणी ओतते. विदर्भात दर उन्हाळ्यात अशी माणसं जातात. कूलरची वायर दोन पिनांची, किंवा तिसरी पिन सॉकेटमध्ये जात नाही म्हणून पकडीने मोडलेली. ती तिसरी पिन बाकी दोघींपेक्षा लांब कशासाठी केलीय ठाऊक आहे? आत जाताना अर्थ आधी लागावा आणि काढताना शेवटी सुटावा म्हणून. पुण्यात कूलर लागला नाही तरी तो नियम मिक्सर, इस्त्री, मशीन सगळ्याला लागू. पाण्याशी संबंध असलेल्या यंत्राची पिन काढल्याशिवाय त्यात हात घालायचा नाही. पाणी तापवायचा रॉड तर घरात आणूच नको.

गिझरला डीपी स्विच लाव, बाथरूमच्या बाहेर. साधं बटण एकच तार तोडतं, आणि फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर बटण बंद करूनही गिझरपर्यंत फेज पोचलेला असतो. डीपी दोन्ही तोडतो. पाणी तापलं की बंद, मग आंघोळ.

बाल्कनीत कपडे वाळत घालायला लोखंडी तार बांधू नका, नायलॉनची दोरी बांधा. एसीची नाहीतर शेजारच्याची वायर त्या तारेवर घासून सोलली की ओले कपडे टाकणाऱ्या माणसाला करंट बसतो. पत्र्याच्या शेडमध्ये, चाळीत, गावाकडे हे फार होतं.

छकुली आता रांगते आहे. खालचे सगळे सॉकेट शटरवाले घ्या. त्यात एका भोकात काही घातलं तरी झडप उघडत नाही. मोबाइल काढून घेतला आणि चार्जरची वायर चालू बटणावर लोंबती ठेवली, ही सवय आजपासून सोडा. मूल पहिल्यांदा ते टोकच तोंडात घालतं, आणि हलक्या प्रतीचा चार्जर असेल तर त्या टोकाला काय येईल सांगता येत नाही. एक्स्टेन्शन बोर्डावर फ्रिज, ओव्हन, गिझर लावायचा नाही.

इन्व्हर्टर घेणार असाल तर एक लक्षात ठेव. मेन बंद केला तरी त्याच्या लाइनीत करंट असतो. बल्ब बदलतानाही आधी तो बंद करायचा.

देव न करो, पण कुणाला करंट लागून चिकटलेलं दिसलं तर धावत जाऊन हात लावायचा नाही. आधी मेन पाडायचा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने ढकलून सोडवायचं. श्वास बंद असेल तर छाती दाबायला सुरुवात करायची आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. जावईबुवांच्या ऑफिसात सीपीआरचं शिक्षण देत असतील तर दोघांनीही घ्या. रस्त्यावर तार तुटलेली दिसली तर लांब थांबून १९१२ ला कळवायचं.

माणूस नेमताना परवाना विचार. तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, परवाना आहे म्हटल्यावर तो दाखवायला कुणाला लाज वाटत नाही. तार तुमच्यासमोर सीलबंद ९० मीटरच्या बंडलातून उघडायला लाव. तिच्यावर आयएसआय खूण आणि आयएस ६९४ छापलेलं असतं. फेजला लाल, न्यूट्रलला काळी, अर्थला हिरवी, हा रंग घरभर एकच ठेवायला सांग. उरलेल्या तुकड्यांतून अर्थला लाल तार ओढली तर दहा वर्षांनी येणारा माणूस फसतो. भिंती बुजवायच्या आधी प्रत्येक खोलीतल्या पाइपांचे फोटो काढून ठेव, पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडतील.

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतोय. मेगर (तारेवरचं आवरण शाबूत आहे का हे तपासायचं यंत्र) आणि अर्थ टेस्टर बरोबर आणतो. शनिवारी सकाळी मीटर रूमची किल्ली लागेल, तेवढं सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी विचारून ठेव, आणि अर्थिंगचा खड्डा नेमका कुठे आहे हेही. तोपर्यंत त्या घरात सामान नेलंत तरी गिझरचं बटण दाबू नका, पाणी गॅसवर तापवा. किटकॅटमधल्या त्या जाड पिळाला कुणी हात लावू नका, मी आल्यावर काढतो. आई लोणचं आणि छकुलीसाठी नाचणीचं पीठ देते आहे, आणखी काही हवं असेल तर गुरुवारपर्यंत कळव.

तुझे
बाबा