पहाटे पाचची वीज

संगमनेर तालुका,
१४ नोव्हेंबर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत तू विचारलंस, "गोठ्यावर अजून सोलर का नाही?" तेव्हा धारांची घाई होती. आज निवांत लिहितोय.

मागच्या आठवड्यात पहाटे पाचला पाचवी गाय धारयंत्रावर (दूध काढायच्या यंत्रावर) असतानाच लाइट गेली. गायी बारा, हाताने पिळायला मी आणि आई. यंत्राची सवय लागलेली गाय हाताला पान्हा सोडत नाही रे. तांबडीच्या कासेत दूध राहिलं, दोन दिवसांत सड सुजला. औषध चालू आहे तोवर तिचं दूध डेअरीला घालता येत नाही. मला वीज हवी ती या वेळेला.

आणि नेमकी तिथेच अडचण आहे. घरांवर बसवतात त्या साध्या सोलरला बॅटरी नसते. लाइन गेली की पॅनलची वीज वापरायजोगी करणारा त्याचा इन्व्हर्टरही बंद पडतो, नाहीतर ती वीज उलट लाइनीत जाऊन तारेवर चढलेल्या वायरमनला झटका बसेल. म्हणजे भर उन्हातसुद्धा लाइट गेली की यंत्र थांबणारच! हे मला विकायला आलेल्या एकानेही आपणहून सांगितलं नाही, याचा फार राग आला.

केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या सोलरला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण ते घरगुती मीटरला. गोठ्याचं मीटर वेगळं. विहिरीवरचा सौर पंप सरकारी योजनेत दहा टक्केच किंमत भरून मिळाला खरा, पण त्याच्या कंट्रोलरवर (पंप चालवणाऱ्या पेटीवर) चारा कापायचं कुट्टी यंत्र चालत नाही. पॅनल रिकामे ऊन खात बसतात, ते बघून जीव तुटतो.

कर्ज म्हणशील, तर सातबारावर चुलत्यांसह सात नावं. सगळ्यांच्या सह्या आणायच्या म्हणजे जुनी भांडणं उकरायची. दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं, त्यातून पेंड आधीच कापलेली. शिवाय गोठ्याचे सिमेंटचे पत्रे पॅनलचा भार घेणार नाहीत. लोखंडी सांगाडा जमिनीतून उभारावा लागेल.

म्हणून मी लहान हिशोब मांडलाय. धारयंत्राची मोटर १ एचपी, दोन्ही वेळचे मिळून तीन तास. म्हणजे साधारण ३ युनिट. १ किलोवॉटचे पॅनल दिवसाला ४ युनिट देतात. तेवढीच बॅटरी आणि मोटर सुरू होताना ओढते तो जादा करंट पेलणारा इन्व्हर्टर, याची पुण्यात खरी किंमत काढशील का? तुला त्यातलं कळतं. फोटोत मोटरची प्लेट पाठवतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू