ऑटोमेशन हवेच, पण नवख्यांनी शिकायचे कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नेटवर्क इंजिनीअर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना करिअर पुरवण्यांतून हल्ली एकच सल्ला मिळतो: पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिका, ॲन्सिबल हे नेटवर्कची कामे आपोआप करणारे साधन शिका, नाहीतर या क्षेत्राचा नाद सोडा. सल्ला चुकीचा नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्कोने आपल्या सीसीएनए या पायाभूत परीक्षेत ऑटोमेशनला 10 टक्के वाटा दिला आणि ऑटोमेशन-प्रोग्रामिंगसाठी डेव्हनेट नावाच्या वेगळ्या परीक्षा सुरू केल्या, तेव्हाच वारे कुठे वाहते आहे ते दिसले होते. मी वीसहून अधिक वर्षे याच कामात आहे आणि आमच्या टीमची बरीचशी प्लेबुके (ॲन्सिबलला द्यायच्या कामांच्या याद्या) मीच लिहिली आहेत. तेव्हा ही जुन्या खोडांची कुरकुर समजू नये.

पूर्वी बदल करायचा म्हणजे रात्रीची चेंज विंडो, बदलांसाठी राखून ठेवलेली वेळ. एका स्विचवर (संगणकांना नेटवर्कशी जोडणाऱ्या उपकरणावर) लॉगिन करा, कॉन्फिगची म्हणजे त्याच्या सेटिंगची प्रत काढून ठेवा, चार ओळी टाका, तपासा, मग पुढचा स्विच. पहाटेपर्यंत डोळे तारवटायचे आणि चुका व्हायच्या त्या शेवटच्या दहा-बारा स्विचवरच. हे काम आता स्क्रिप्ट करते, बरे झाले. त्या जागरणांसाठी मला तरी हळहळ नाही.

पण नवखा माणूस तयार व्हायचा तो याच कंटाळवाण्या कामातून. एक उदाहरण देते. सिस्कोच्या स्विचवर ट्रंक पोर्टला (अनेक व्हीलॅनची वाहतूक नेणाऱ्या जोडणीला) नवा व्हीलॅन, म्हणजे एखाद्या विभागाचे वेगळे आभासी नेटवर्क, जोडताना कमांडमध्ये 'ॲड' लिहावे लागते. ते राहिले, तर आधीची सगळी यादी जाते आणि एकटा नवा व्हीलॅन उरतो. बाकीच्या विभागांचा संपर्क त्या क्षणी तुटतो. हाताने काम करणाऱ्याकडून हे झाले, तर एक स्विच पडे, फोन खणखणत आणि तो धडा जन्मभर पुरे. तीच चूक टेम्पलेटमध्ये, म्हणजे स्क्रिप्ट ज्यावरून सगळ्या स्विचचे कॉन्फिग बनवते त्या साच्यात, शिरली, तर शेकडो स्विच एका दमात पडतील. ती आधीच हेरायची, तर टेम्पलेट तपासणाऱ्याला त्या ओळीची धास्ती असायला हवी. जो कधी स्विचवर बसलाच नाही, त्याला ती कुठून येणार?

अलीकडचीच गोष्ट. एका नव्या लिंकवर छोटे संदेश व्यवस्थित जात होते, मोठ्या फायली मात्र अडकत होत्या. टीममधला हुशार मुलगा (कोड माझ्यापेक्षा चांगला लिहितो) सांगत होता, स्क्रिप्टच्या सगळ्या तपासण्या हिरव्या आहेत. होत्याच, स्क्रिप्ट छोटा पिंग (पलीकडून उत्तर येते का हे बघणारा संदेश) पाठवत होती. 'तुकडे करू नका' अशी खूण लावून 1500 बाइटचे पॅकेट पाठवून बघ म्हटले, तेव्हा ते गेलेच नाही. मध्ये टनेल होता, म्हणजे प्रत्येक पॅकेट दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून जात होते, आणि त्या वेष्टनाच्या हेडरने जागा खाल्ली होती. त्याला पायथॉन येत होते, एमटीयूची (लिंकवरून जाऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या पॅकेटच्या मर्यादेची) भानगड कधी समोर आली नव्हती. यात त्याचा दोष काय? असली टिकिटे, म्हणजे बिघाडाच्या तक्रारी, त्याच्यापर्यंत आम्ही पोहोचूच दिली नव्हती.

4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होते. बॅकबोनची, म्हणजे डेटा सेंटरना जोडणाऱ्या मुख्य नेटवर्कची, क्षमता तपासण्यासाठी दिलेल्या एका कमांडने सगळी डेटा सेंटर एकमेकांपासून तोडली. अशा कमांड अडवणारे टूल त्यांच्याकडे होते, पण नेमका त्यातच बग निघाला. आतली रोजची टूल्सही बंद पडल्यामुळे शेवटी इंजिनीअरांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले. अशा वेळी यंत्रासमोर उभे राहून काय करायचे हे कळणारी माणसे दहा वर्षांनी कोण असतील, हा प्रश्न मला छळतो. कारण आज नवख्यांच्या जागाच आटल्या आहेत, आणि ज्या निघतात त्यांच्या जाहिरातीत 'फ्रेशर' लिहून खाली तीन वर्षांचा अनुभव मागितलेला असतो!

यावर उपाय महागडा नाही. जीएनएस3, ईव्हीई-एनजी, कंटेनरलॅब या नेटवर्कची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर एका बऱ्या लॅपटॉपमध्ये छोटे नेटवर्क उभे राहते. नव्या माणसाने कोणताही बदल आधी तिथे हाताने करावा, मुद्दाम बिघडवावा, दुरुस्त करावा आणि मगच त्याचे टेम्पलेट लिहावे. मोठा बिघाड सुरू असताना त्याला कॉलवर बसवावे, नुसते ऐकायला का होईना. यात वेळ जातो, आणि तो वेळ कामाच्या तासांत धरायला व्यवस्थापक तयार नसतात. खरी अडचण ती आहे.

मुलाखतीला जाणाऱ्या मुलामुलींनी पगाराबरोबर एवढे तरी विचारून घ्यावे: पहिल्या वर्षी मला राउटरचे लॉगिन मिळणार का, की नुसती टिकिटे पुढे ढकलायची?

आपली,
एक नेटवर्क इंजिनीअर