१/६ प्रमाण सांगून विकलेल्या लहान पुतळ्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : अ‍ॅरागॉर्नच्या पुतळ्याचे प्रमाण, आवृत्ती आणि आकारलेली किंमत यांबाबत तक्रार.

महोदय,

स. न. वि. वि.

आपण आयात करून विकत असलेला, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटमालिकेतील अ‍ॅरागॉर्नचा पॉलिस्टोनचा (रेझिन आणि दगडाच्या भुकटीच्या मिश्रणाचा) पुतळा मी आगाऊ नोंदणी करून घेतला. बिलाप्रमाणे त्याची किंमत ३६,५०० रुपये आहे. हा पुतळा १/६ प्रमाणातील असून ‘वेटा वर्कशॉपच्या तोडीचा, तोही कमी किमतीत’ आहे, असे आपल्या माहितीपत्रकात छापले आहे (वेटा ही याच चित्रपटांसाठी काम केलेली आणि पुतळेही बनवणारी न्यूझीलंडची कंपनी). त्यावर भरवसा ठेवूनच मी आपल्याकडे नोंदणी केली, आणि नेमका तोच दावा वस्तुस्थितीला धरून नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

१/६ प्रमाणात सहा फुटी माणसाचा पुतळा बारा इंचांचा होतो, आणि चित्रपटातील अ‍ॅरागॉर्न जवळपास तेवढ्याच उंचीचा आहे. आपला पुतळा टाचेपासून माथ्यापर्यंत मोजला असता सव्वादहा इंच भरतो. तो वाकलेला नाही, गुडघ्यावर बसलेलाही नाही. ताठ उभा आहे. माहितीपत्रकातील १६ इंच हा आकडा बैठकीच्या तळापासून उगारलेल्या तलवारीच्या टोकापर्यंतचा आहे, मात्र तसा उल्लेख तेथे कुठेही नाही. साईडशो आणि वेटा या कंपन्या एकत्र काम करत असतानाच्या काळातला १/६ प्रमाणातील एक पुतळा माझ्या संग्रहात आहे. दोन्ही शेजारी ठेवले की आपल्या अ‍ॅरागॉर्नचा माथा त्याच्या हनुवटीशी येतो.

आपल्या प्रतिनिधीने हा फरक ‘किरकोळ’ असल्याचे मला दूरध्वनीवर सांगितले. ते मला मुळीच मान्य नाही. हे प्रमाण प्रत्यक्षात १/७ च्या आसपास पडते, आणि लांबी, रुंदी व जाडी या तिन्ही अंगांनी पुतळा लहान झाल्यामुळे त्यात लागणारा माल एक तृतीयांशाहून अधिक घटतो. टोकियोच्या प्राइम वन स्टुडिओचे १/४ प्रमाणातील पुतळे महाग असतात याबद्दल मी कधी कुरकुर केलेली नाही, कारण १/६ च्या तुलनेत त्यांना सव्वातीन पटींहून अधिक माल लागतो. ब्राझीलच्या आयर्न स्टुडिओजचे १/१० प्रमाणातील पुतळे आटोपशीर असतात, ते त्याच प्रमाणाच्या नावाने विकले जातात आणि त्यांची किंमतही त्याला साजेशी असते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमतींची तुलना करायला ग्राहकाच्या हाती प्रमाणाचा आकडा हेच पहिले साधन असते आणि तेच चुकीचे दिले, तर ‘कमी किमतीत’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही. मालाच्या हिशेबाने पाहिले तर मी वेटापेक्षा स्वस्त पुतळा घेतलेलाच नाही.

रंगकामाबाबतही आपण स्वतःहून वेटाचे नाव घेतले आहे, म्हणून लिहितो. वेलिंग्टनच्या या कार्यशाळेने चित्रपटांसाठी शस्त्रे आणि चिलखते घडवली, आणि त्या कामाची जाण त्यांच्या पुतळ्यांतही दिसते. तिचे मोल द्यायला संग्राहक तयार असतो. आपल्या पुतळ्याच्या डाव्या बाहीवर साच्याची जोडरेघ खांद्यापासून मनगटापर्यंत उघडी दिसते, आणि दाढीचा तपकिरी रंग खालच्या ओठावर उतरला आहे. हाताने रंगवलेल्या वस्तूंत उन्नीस-बीस चालायचेच. पण ओठावरचा हा डाग हातभर अंतरावरून दिसतो.

आवृत्तीबद्दलही खुलासा हवा आहे. हा पुतळा ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून विकला गेला आणि सोबतच्या प्रमाणपत्रावर ४१७ हा क्रमांक आहे, परंतु एकूण किती नग काढले याचा आकडा नाही. एकूण पाचशे असतील तर त्या क्रमांकाला काही किंमत आहे. पाच हजार असतील तर नाही. शिवाय सिलिकॉनचा साचा वापरून वापरून झिजतो आणि बारीक कोरीवकाम बोथट होत जाते, त्यामुळे एका साच्यातून किती नग निघाले हे जाणून घेणे हा ग्राहकाचा साधा हक्क आहे.

पुतळा पाठवण्यापूर्वी ‘आयात शुल्कातील फरक’ म्हणून माझ्याकडून आणखी ४,८०० रुपये घेण्यात आले. त्याची पावती मिळाली, शुल्क भरल्याचा कोणताही कागद मात्र मागूनही मिळाला नाही. खोक्यावर आपण लावलेल्या लेबलवर कमाल किरकोळ किंमत ‘सर्व करांसह’ ३६,५०० रुपये अशी स्पष्ट छापलेली आहे. त्यापेक्षा जास्त रक्कम घेणे वैध मापनशास्त्राच्या नियमांत बसत नाही, हे आयातदार या नात्याने आपणांस ठाऊक असणारच.

म्हणून माझी मागणी अशी की, आपण पुतळा स्वखर्चाने परत न्यावा आणि घेतलेले सर्व ४१,३०० रुपये मला परत करावेत. त्याऐवजी बदली नग मी स्वीकारणार नाही, कारण प्रमाण तर प्रत्येक नगात तेच असणार. माहितीपत्रकातील १/६ हा उल्लेख दुरुस्त करावा, माथ्यापर्यंतची उंची वेगळी छापावी आणि आवृत्तीचा एकूण आकडा नोंदणी केलेल्या सर्वांना लेखी कळवावा. या चित्रपटांवर जीव असलेली माणसे महिनोन्‌महिने पैसे साठवून असा एखादा पुतळा घेतात. त्यांना पैसे भरण्याआधी खरे माप कळले पाहिजे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाखल करीन. बिल, लेबल, प्रमाणपत्र आणि मोजपट्टी लावून काढलेली छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

कळावे,

आपला,
एक ग्राहक
पुणे