घरातले ‘ब्रह्मकमळ’ हा निवडुंगच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस सुरू झाला की आपल्या दैनिकात ‘अमुक यांच्या घरी ब्रह्मकमळ फुलले’ अशी छायाचित्रे येऊ लागतात. यंदाही दोन आली. फुले सुंदरच होती, पण ती ब्रह्मकमळाची नव्हती. खरे ब्रह्मकमळ हिमालयात साडेतीन हजार मीटरच्या वर येते, ते सूर्यफुलाच्या कुळातले आणि उत्तराखंडचे राज्यफूल. आपल्या गॅलरीत रात्री उमलून पहाटे मान टाकते ते एपिफायलम. ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले आहे आणि चक्क निवडुंग आहे.

हे सांगितले की लोक म्हणतात, “काटे कुठे आहेत?” काटे नसतातच. पण आपण ज्याला पान समजतो ते चपटे झालेले खोड असते. त्याच्या कडेच्या खाचेत बोट फिरवा, कळी तिथूनच येते. ती खाच म्हणजे निवडुंगाची खूण. इतर निवडुंगांत त्याच जागी लोकरीसारखी बारीक गादी असते आणि काट्यांचा झुबका त्या गादीतूनच निघतो. काट्यांच्या बुडाशी गादी नसेल, तर झाड कितीही काटेरी असो, तो कॅक्टस म्हणजे खरा निवडुंग नव्हे.

इथे आपली भाषाही थोडी फसवते. फड्या निवडुंग अमेरिकेतून आलेला अस्सल कॅक्टस, तर आपला त्रिधारी निवडुंग एरंडाच्या कुळातला, युफोर्बिया. दोघांना एकच नाव! त्रिधारीचे काटे जोडीजोडीने येतात आणि खरचटले की पांढरा चीक गळतो. (नुसत्या चिकावरही जाऊ नये, मॅमिलॅरिया या खऱ्या कॅक्टसांपैकी काहींनाही दुधी चीक असतो. गादीच पाहावी.)

हा फरक केवळ हौशी लोकांसाठी नाही. आमच्या शेजारच्या वहिनींनी एका रोपवाटिकेतून ‘कॅक्टस’ म्हणून आणलेली कुंडी छाटली आणि त्याच हाताने डोळा चोळला. तो युफोर्बिया होता. दोन दिवस डोळा उघडत नव्हता. बांधावरच्या शेराचा (तोही युफोर्बियाच) चीक डोळ्यांत जाऊ नये हे गावाकडे लहान पोरालाही ठाऊक असते, पण शहरातल्या कुंडीवर ते कोण सांगणार? चिठ्ठीवर नाव लिहिले असते तर वहिनींनी हातमोजे घातले असते.

उलटही होते. ब्रह्मकमळ हा निवडुंग आहे हे कळल्यावर माझ्या एका माजी विद्यार्थ्याने त्याला उन्हात ठेवून पाणी तोडले. बिचारे सुकले. मूळचे ते जंगलातल्या झाडांवर वाढणारे, त्याला सावली, पालापाचोळ्याची भुसभुशीत माती आणि ओलावा लागतो.

म्हणून दोन विनंत्या. छायाचित्राखाली ‘ब्रह्मकमळ नावाने ओळखला जाणारा निवडुंग’ एवढे छापावे. पूजा करणाऱ्यांनी खुशाल करावी, माझी हरकत नाही. आणि झाडाचे नाव विचारायला फोटो पाठवणाऱ्यांनी वरून एकच फोटो काढू नये. काट्याच्या बुडाचा जवळून एक, बाजूने एक आणि फूल असल्यास फुलाचा एक असावा. नुसत्या हिरव्या गोळ्यावरून नाव सांगणे मला तीस वर्षे शिकवूनही जमत नाही.

माझ्या कुंडीला सध्या तीन कळ्या आहेत. उमलल्या की छायाचित्र पाठवीन, ओळ मात्र मीच लिहून देईन.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सातारा